भार आणि आधार : आपल्या संगणक-कक्षाच्या निमित्ताने

तीन वर्षांपूर्वीचे वर्षावासाचे दिवस होते. सायंवंदनेची घंटा झाली, संगणक-कक्षातील मुले रांगेने सभागृहाकडे गेली आणि त्रिशरण-पंचशील चालू असतानाच मागल्या इमारतीतून मोठा आवाज आला. धावत जाऊन पाहिले, तो भिंतीवर टांगलेले यंत्रांचे लोखंडी कपाट खाली आलेले. त्याच्या कोपऱ्याने खालच्या बाकाची फळी मधोमध मोडली होती. त्या बाकावर वीस मिनिटांपूर्वी सातवीतील दोन मुले मराठी टंकलेखनाचा सराव करीत बसली होती. कोणी यास नशीब म्हटले. आम्हांस ते पटले नाही. घंटा वेळेवर झाली हा योगायोग होता. आणि दुसऱ्याच्या घरून विश्वासाने आलेली मुले आपण योगायोगाच्या भरवशावर ठेवू शकत नाही.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. संगणक-कक्षाचा कार्यभार आमच्याकडे आला तो ज्येष्ठतेमुळे, त्या विषयातील अधिकारामुळे नव्हे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास एक सवय असते : घटना घडली की तिची कारणे क्रमाने शोधावयाची आणि कारण सापडेपर्यंत कोणावरही ठपका ठेवावयाचा नाही. त्या सवयीने आम्ही शोध घेतला, जाणकारांना विचारले, वजने केली, मापे घेतली. त्यातून जे समजले ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी आज कचेऱ्यांत, शाळांत, कारखान्यांत अशी यंत्रे हाताळतात. अनेक पालकांच्या मुलांचे रोजचे दोन तास त्या यंत्रांच्या सान्निध्यात जातात. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही.

कपाट का पडले?

ते कपाट मुळात हलक्या यंत्रांसाठी होते. आत तारा जोडण्याची एक पट्टी आणि एक स्विच एवढाच संसार. पुढे कॅमेऱ्यांची नोंद ठेवणारे यंत्र आले, ते आत गेले. वीज गेल्यावर यंत्रे चालू ठेवणारा यूपीएस आला, तोही आत गेला. नंतर एका हितचिंतकाने वापरलेला उभा सर्व्हर दान दिला. तो आत मावेना, म्हणून कपाटाच्या माथ्यावर चढविला. प्रत्येक वेळी आम्ही जागा पाहिली, वजन कोणीच पाहिले नाही. पडझडीनंतर काट्यावर घातले तेव्हा कपाट १५ किलो, स्विच ५, नोंदयंत्र ७, यूपीएस १४ आणि सर्व्हर २२, असे एकूण ६३ किलो भरले. हा सारा भार चार स्क्रू आणि चार प्लॅस्टिकच्या प्लगांवर होता.

भिंतीवर टांगलेली वस्तू केवळ खाली ओढत नाही, ती भिंतीपासून बाहेरही ओढते. हे ध्यानात न आल्यामुळेच बहुतेक कपाटे पडतात. आमच्या कपाटाचा गुरुत्वमध्य भिंतीपासून सुमारे २५ सेंटिमीटर पुढे होता आणि वरचे स्क्रू कपाटाच्या खालच्या कडेपासून ३५ सेंटिमीटर उंचीवर. ६३ ला २५ ने गुणून ३५ ने भागले की ४५ येतात. म्हणजे ६३ किलो खाली खेचत होते आणि त्याशिवाय वरचे दोन स्क्रू भिंतीतून उपटून काढणारी ४५ किलोंची ओढ रात्रंदिवस चालू होती. यंत्र जेवढे खोल, तेवढी ही ओढ अधिक. त्यात पावसाने ओलावलेली भिंत आणि भुसभुशीत गिलावा. प्लग विटेत नव्हे, बऱ्याच अंशी गिलाव्यातच बसले होते. कपाट त्या सायंकाळी पडले हे खरे. पण ते पडू लागले होते कितीतरी महिने आधी.

म्हणून आम्ही पहिला नियम केला : भिंतीवर केवळ हलकी आणि उथळ यंत्रे. सर्व्हर, यूपीएस आणि बॅटऱ्या यांची जागा जमिनीवर, चार खांबांच्या रॅकमध्ये.

रॅक म्हणजे काय?

रॅकचे माप जगभर एकच आहे. दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात अमेरिकेतील एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीने आपल्या केंद्रांतील रिले बसविण्यासाठी हे माप रूढ केले. दूरध्वनीची ती यंत्रे कधीच संग्रहालयात गेली, पण चौकट टिकली. उंची ‘यू’ या एककात मोजतात. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. प्रत्येक यूमध्ये खांबाला तीन भोके असतात, आणि त्यांतील अंतर सारखे नसते : १५.८७५, पुन्हा १५.८७५ आणि नंतर १२.७ मिलिमीटर. नवखा माणूस एका भोकाने वर-खाली चुकतो आणि यंत्र तिरके बसते, ते यामुळे.

जुन्या रॅकला दोनच खांब असत. हलक्या पट्ट्यांना ते पुरते. परंतु आजचा सर्व्हर ७० ते ७५ सेंटिमीटर खोल आणि २५ किलोंच्या पुढे असतो. त्याला केवळ पुढच्या कानांवर लटकविणे म्हणजे भरलेली घागर काठाला धरून उचलणे होय. त्याला मागेही आधार हवा. म्हणून चार खांब, आणि दोन्ही बाजूंनी पुढून मागपर्यंत जाणारे रूळ किंवा भक्कम फळी.

रॅक घेताना प्रथम यंत्रांची यादी करावी आणि प्रत्येकाचे वजन, खोली व यूमधील उंची लिहावी. पुढील पाच वर्षांत काय येईल याचा अंदाज धरून एक-तृतीयांश जागा मोकळी ठेवावी. यंत्राच्या खोलीत मागील तारांसाठी किमान १५ सेंटिमीटर मिळवावेत. त्यानंतर विक्रेत्याला विचारावे की हा रॅक किती वजन पेलतो. या प्रश्नाला दोन उत्तरे असतात. रॅक पायांवर स्थिर उभा असताना तो जेवढे पेलतो ते एक. चाकांवर ढकलताना पेलतो ते दुसरे, आणि ते पुष्कळच कमी असते. माहितीपत्रकात मोठा आकडा ठळक छापलेला असतो. आपण दुसराही विचारावा आणि दोन्ही लेखी घ्यावेत. चाके ही रिकामा रॅक जागेवर नेण्यापुरती. जागा ठरली की समतल करणारे पाय खाली उतरवून चाके जमिनीपासून सोडवावीत. भरलेला रॅक चाकांवर उभा ठेवणे म्हणजे उतारावर हातगाडी सोडून जाणे.

आम्ही २७ यू उंचीचा, ६० सेंटिमीटर रुंद आणि १०० सेंटिमीटर खोल असा रॅक घेतला. त्याचे स्वतःचे वजन ७५ किलो. आत दोन सर्व्हर, यूपीएस, बॅटरी-संच, दोन स्विच, नोंदयंत्र आणि तारा मिळून १६० किलो. एकूण २३५.

उतरंडीचा धडा

आमच्या आजीच्या घरी मडक्यांची उतरंड असे. सर्वांत मोठे, धान्याने भरलेले मडके तळाशी. त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान. हे तिला कोणी शाळेत शिकविले नव्हते. तिच्या पिढीला शाळेचे दारच उघडे नव्हते. परंतु रॅक भरण्याचे शास्त्र त्याहून निराळे नाही. तळाशी बॅटऱ्या, त्यावर यूपीएस, त्यावर सर्व्हर, आणि वरच्या भागात स्विच व ताराजोडणीच्या पट्ट्या. भरतानाही खालून वर भरावे आणि रिकामे करताना वरून खाली.

या क्रमाने किती फरक पडतो हे पाहण्यासाठी आम्ही आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाकडे वळलो. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली, हजारो घरे पडली, कोयनेची वीजनिर्मिती थांबली. धरण उभे राहिले. मात्र त्याच्या वरच्या भागात, जिथे मागल्या बाजूचा उतार एकाएकी बदलतो, तिथे तडे गेले. पुढे त्या भागास काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले. धरणाच्या अंतर्भागातील कंपनमापकाने त्या पहाटे आडव्या हादऱ्याची जी नोंद केली ती गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.६३ पट होती. जगभरचे अभियंते आजही ती नोंद अभ्यासतात.

कोयनानगर शिरवळपासून सरळ रेषेत सुमारे ८५ किलोमीटर आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या २००२ च्या नकाशात कोयनेचा परिसर चौथ्या, म्हणजे तीव्र धोक्याच्या क्षेत्रात दाखविलेला आहे. शिरवळला तेवढाच हादरा बसेल असे नव्हे. परंतु बांधणीचा हिशेब करावयाचा तो वाईटात वाईट दिवस समोर ठेवून.

तो हिशेब असा. २३५ किलोंच्या रॅकला ०.६३ पट हादरा बसला तर त्यास आडवे ढकलणारी ओढ सुमारे १४८ किलो होते. जड यंत्रे वर ठेवली, तर गुरुत्वमध्य सुमारे ८० सेंटिमीटर उंचीवर जातो. १४८ गुणिले ८० म्हणजे ११,८४० एवढे बळ त्यास उलटवू पाहते. त्याविरुद्ध उभे राहते ते त्याचे स्वतःचे वजन गुणिले रुंदीचा अर्धा भाग : २३५ गुणिले ३० म्हणजे ७,०५०. रॅक उलटणार हे उघड आहे. आता उतरंडीप्रमाणे जड यंत्रे खाली घेतली आणि गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरवर आणला, तर उलटविणारे बळ ७,४०० वर येते. एक रुपया खर्च न करता, केवळ क्रम बदलून धोका तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमी झाला. प्रत्यक्ष हादरा क्षणाक्षणाला दिशा बदलतो, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण त्यातून दिशा कळते.

तरीही ७,४०० हे ७,०५० हून अधिकच आहेत. नुसता शहाणपणाचा क्रम पुरत नाही, बांधणीही लागते. शिवाय इमारतीच्या वरच्या मजल्यावर हादरा वाढतो, म्हणून जड रॅक शक्यतो तळमजल्यावरच असावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे गेली, ती बहुतांशी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. त्या भिंतींत वजन पुष्कळ होते, दगडाला दगडाशी जखडणारे काही नव्हते.

जमिनीशी बांधणी

रॅकच्या तळाला चार भोके असतात. त्यांतून प्रसरण पावणारे पोलादी बोल्ट जमिनीत ठोकावयाचे, एवढे सोपे हे काम दिसते. आम्ही एक शहाबादी फरशी काढून पाहिली, तेव्हा खाली बोटभर चुना-सिमेंट आणि त्याखाली मुरूम निघाला. असा बोल्ट फरशीत घट्ट बसल्यासारखा वाटतो. पहिल्याच झटक्यात तो फरशीसह वर येतो. बोल्टाची पकड काँक्रीटमध्ये असते, फरशीत नाही.

म्हणून रॅकची जागा आखून तेवढी फरशी काढली, मुरूम ठोकून घेतला आणि सळया घालून १५ सेंटिमीटर जाडीचा, रॅकहून चहूकडे मोठा असा काँक्रीटचा ओटा भरला. सात दिवस पोती टाकून पाणी मारले आणि २८ दिवस पुरे झाल्यावरच भोके पाडली. १२ मिलिमीटरचे बोल्ट निखळ काँक्रीटमध्ये ७ ते ८ सेंटिमीटर आत जातील असे घेतले. भोक पाडल्यावर आतील भुकटी फुंकणीने आणि ब्रशाने पुरती काढणे आवश्यक असते. भुकटी राहिली तर बोल्टाची पकड कमी होते. भोक ओट्याच्या कडेला खेटून नसावे, नाहीतर काँक्रीटचा टवका उडतो. प्रथम रॅक पाणसळीने समतल केला, मग बोल्ट आवळले. शेवटी रॅकचा माथा लोखंडी कोनपट्टीने मागील विटेच्या भिंतीशी जोडला. भार पेलतो तो ओटा; कोनपट्टीचे काम केवळ डुलणे थांबविण्याचे.

भूकंपाची वाट न पाहताही रॅक उलटतो, आणि तो उलटविणारा हात बहुधा आपलाच असतो. सर्व्हर दुरुस्तीसाठी रुळांवरून पुढे ओढला की त्याचे २७ किलो रॅकच्या पायांच्या पुढे लोंबतात. दोन सर्व्हर एकदम ओढले किंवा खाली जड यंत्रे बसण्याआधीच वरचा ओढला, तर न बांधलेला रॅक ओढणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून एका वेळी एकच यंत्र बाहेर काढावे, तेही बोल्ट आवळलेल्या रॅकमधूनच. जड यंत्र नेहमी दोघांनी उचलावे. दाराला कुलूप असावे आणि किल्ली एका ठरलेल्या खुंटीवर असावी.

हवा, माती आणि वीज

रॅकच्या पुढे आणि मागे माणूस सहज वाकू शकेल अशी सुमारे तीन फूट जागा ठेवावी; कोंडलेली यंत्रे तापतात आणि त्यांची दुरुस्ती कोणी मनापासून करीत नाही. सी-डॉट या आपल्या सरकारी संस्थेने घडविलेले १२८ जोडण्यांचे ग्रामीण दूरध्वनी केंद्र १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले, ते वातानुकूलनाशिवाय, गावच्या धुळीत आणि उन्हात चालावे या बेताने. आपल्या शाळेलाही वातानुकूलन परवडत नाही. आम्ही जाळीची दारे, वरचा पंखा आणि खिडकीला धूळ अडविणारी जाळी एवढ्यावर भागविले आहे. तारांसाठीची भोके रबराने आणि ब्रशाच्या पट्टीने बंद केली, कारण उंदीर-पालींना उबदार जागा फार आवडते. रॅकच्या सांगाड्याला स्वतंत्र तांब्याच्या तारेने अर्थिंग दिले. लोखंडी चौकटीत वीज उतरली तर ती मुलाच्या हातातून नव्हे, तारेतून जमिनीत गेली पाहिजे.

कोणाच्या हातांनी?

हे काम बाहेरून माणसे बोलावून दोन दिवसांत उरकता आले असते. ओटा, बोल्ट आणि वीज यांसाठी आम्ही जाणकार कारागीरच बोलावले. तिथे हौस चालत नाही. परंतु वजने करणे, यादी लिहिणे, गुरुत्वमध्याचा हिशेब मांडणे, पाणसळ धरणे आणि हलक्या पट्ट्या बसविणे ही कामे नववी-दहावीच्या मुलामुलींनी केली. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे ओझे वाहिले, त्याच्या मुलांना ओझ्याचे गणितही आले पाहिजे. हात ज्यांचा, हिशेब दुसऱ्याचा, ही जुनी वाटणी निदान आपल्या शाळेच्या आवारात तरी संपावी. गुरुत्वमध्याचा धडा पुस्तकात वाचून कंटाळणाऱ्या एका मुलीने त्या दिवशी विचारले, “सर, मग आमच्या खोलीतल्या ट्रंका पण खाली घ्यायला हव्यात ना?” वसतिगृहातील लाकडी फळ्यांवरच्या पेट्या त्याच आठवड्यात खाली आल्या. पुस्तकांची उंच कपाटे भिंतीशी जखडली गेली. रॅकच्या निमित्ताने झालेले हे काम आम्हांस रॅकहून मोलाचे वाटते.

आज संगणक-कक्षाच्या दाराच्या आतील बाजूस एक तक्ता लावलेला आहे. त्यावर प्रत्येक यंत्राचे नाव, वजन आणि रॅकमधील जागा लिहिलेली आहे. नवे यंत्र आले की प्रथम तक्त्यावर नोंद, मग रॅकमध्ये प्रवेश. वर्षातून दोनदा, जूनमध्ये शाळा उघडताना आणि दिवाळीच्या सुटीनंतर, दहावीचे दोन विद्यार्थी शिक्षकांसमवेत बोल्ट, कोनपट्टी, अर्थिंग आणि भिंतीची ओल तपासून खाली स्वाक्षरी करतात.

माजी विद्यार्थ्यांना आणि हितचिंतकांना आमची एक नम्र विनंती आहे. आपण शाळेला यंत्रे देता, त्यामुळेच हा कक्ष उभा आहे. यापुढे यंत्र पाठविताना त्याचे वजन आणि खोली कळवावी. त्याचे रूळ, कान आणि स्क्रू सोबत द्यावेत. आणि शक्य झाल्यास ते बांधण्याचा खर्चही त्याच दानात धरावा. यंत्राचे दान दिसते, त्याखालच्या ओट्याचे दिसत नाही. मोडलेल्या त्या बाकाची फळी आम्ही टाकून दिली नाही. ती कक्षातच ठेवली आहे. नव्या वर्गाला संगणक दाखविण्याआधी आम्ही ती फळी दाखवितो.